कट तिसऱ्याच सेशनला फुटतोय? आधी भिशी कशी चालते ते बघा

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या माडीवर दर रविवारी संध्याकाळी सहाला डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत टेबलावर गोष्ट रचायच्या खेळाचा, डाव बसतो. पाच खेळाडू, डीएमच्या, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याच्या खुर्चीत मी, मधे भडंगाचा डबा. आजवर चार कॅम्पेन, म्हणजे अनेक रविवार चालणाऱ्या सलग गोष्टी, चालवली आणि चारही वेळा माझी हौस एकच: एक मोठा, गुप्त, वर्षभर पुरेल असा खलनायकांचा कट. पहिले तिन्ही कट बाळसं धरायच्या आत गेले. तिसरा तर फारच वाईट गेला. घाटातल्या जकात नाक्यावरचा एक कारकून खेळाडूंनी उचलला, भाताच्या कोठारात बांधून घातला आणि क्लेरिकनं, म्हणजे त्यांच्यातल्या मंत्र जाणणाऱ्या पुजाऱ्यानं, त्याच्याभोवती खोटं बोलू न देणारा 'झोन ऑफ ट्रुथ' हा स्पेल टाकला. कारकुनाचा सेव्ह, म्हणजे जादू परतवायचा फासा, फसला. साडेसातला चौकशी सुरू झाली, सव्वाआठला संपली. सूत्रधार कोण, राहतो कुठं, अमावस्येला काय करणार आहे, सगळं बाहेर. मी महिनाभर वहीत विणलेलं जाळं त्या कारकुनानं पाऊण तासात उसवून दिलं.

पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, खेळणारा माझा मामेभाऊ भडंग चावत म्हणाला, "संपलं की बे. पुढच्या रविवारी काय करायचं?"

उत्तर नव्हतं. खाली आईनं विचारलं, "कुणाला मारूलास रे एवढं ओरडून?" तिला काय सांगणार, आज मलाच मारलंय म्हणून.

ही तक्रार मी बऱ्याच डीएमकडून ऐकली आहे. कुणाचा कट तिसऱ्या सेशनला फुटतो, कुणाचा कट आहे हे खेळाडूंना शेवटपर्यंत कळतच नाही, आणि कुणाच्या कटातले पाचही खलनायक एकाच आवाजात हसतात. वरवर या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात. माझ्या अनुभवात तिन्हींचं मूळ एकच निघालं. पण ते सापडायच्या आधी मी जे चुकीचे इलाज केले ते सांगतो, म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील.

पहिला चुकीचा इलाज: पुढच्या वेळी प्रत्येक हस्तकाच्या दातात विषाची गोळी. पकडला की चावतो, मरतो. दोनदा चाललं. तिसऱ्यांदा रेंजरनं, म्हणजे रानावनात वावरणाऱ्या शिकाऱ्यानं, आधी तोंडात बोळा कोंबला आणि मग माझ्याकडं बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही. दुसरा चुकीचा इलाज: सूत्रधाराला जादूच लागू द्यायची नाही. २०१४ च्या नियमांत राक्षसाला सहाव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाच स्पेल त्याच्या मर्जीशिवाय लागत नाही, त्यानं तो हुडकताही येत नाही. वाचल्यावर तोंडाला पाणी सुटतं. पण पाचच्या पाच जणांना राक्षस केलंत तर क्लेरिक खेळणाऱ्यानं रविवारी यायचं कशाला? एखादा ठेवा. त्याच्याबद्दल पुढं बोलूच. तिसरा इलाज म्हणजे पडद्यामागं डाइस फिरवणं. ते केलंत तर कळतं, आणि एकदा कळलं की पुढचं वर्षभर तुमचा फाशावर खरा पडलेला वीससुद्धा कुणी खरा मानत नाही.

मूळ दोष काय होता, तर मी कट म्हणून सरकारी कचेरी उभी करत होतो. वर साहेब, खाली हेडक्लार्क, त्याखाली शिपाई. सगळ्यांना साहेब माहीत, सगळ्यांना साहेबाचंच काम. असला कट म्हणजे जिना. खालच्या पायरीवर पाय पडला की वरच्या मजल्यावर पोचायला किती वेळ लागणार?

हे मला उमगलं ते खाली आईच्या भिशीमुळं.

आमच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी भिशी बसते. बारा बायका, प्रत्येकी दोन हजार, चोवीस हजारांची रक्कम, चिठ्ठी निघेल तिला. त्यातल्या दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. भिंतीवरून भांडण झालं होतं. तरी महिन्याच्या महिन्याला एक दुसरीच्या हातात नोटा ठेवते, दुसरी मोजून घेते, दोघींचे डोळे चहाच्या कपात. का? जिला भिशी लागली नाही तिला आपले पैसे बुडायची भीती. जिला लागली तिला बाकीच्या अकरा जणींच्या तोंडाची भीती. प्रेम नाही, विश्वास तर त्याहून नाही, तरी गाडी चालते. आणि प्रत्येकीचा पैसा जायचाय वेगळीकडं. एकीला पोराची फी भरायची आहे, एकीला पाटल्या सोडवायच्या आहेत, एकीला नवऱ्याला न सांगता भावाला द्यायचे आहेत. कुणाला कशाला हवेत हे कुणी कुणाला विचारत नाही.

कट असाच असतो. पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी हव्यात, एकट्याला एकही मिळत नाही, म्हणून प्रत्येकजण दर महिन्याला काहीतरी घालतो आणि आपल्या नंबरची वाट बघतो.

तेव्हा चौथ्या कॅम्पेनला मी वहीत पिरॅमिड काढला नाही, भिशीची यादी काढली. नगराचं नाव वेळूकोट. आपल्या बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, वेणू म्हणजे वेळू, तेवढी उसनवारी चालते. खंदकाचा किल्ला, पश्चिमेला घाट, घाटाखाली समुद्र, वर येणारं मीठ आणि खाली जाणारा गूळ-तांदूळ. घाटावर जकात. आणि यादीत पाच नावं.

नाकेदार. दर महिन्याला भरतो ते म्हणजे न तपासता सोडलेल्या बारा गाड्या. त्याला हवंय काय, तर नाका लेकीच्या नावावर वंशपरंपरागत.

दप्तरदारीण. किल्ल्याचे शिक्के हिच्या ताब्यात. भरते ते कोरे, शिक्का मारलेले कागद. हवंय ते, तीस वर्षांपूर्वीच्या गद्दारांच्या यादीतून भावाचं नाव पुसलेलं.

सावकार. पैसा पुरवतो. त्याला पैसा नकोच आहे. घाटाखालची तीन गावं करारानं स्वतःच्या नावावर हवीत, माणसांसकट.

वैद्यीण. किल्लेदाराला रोज थोडं थोडं आजारी ठेवते. तिला खंदक उपसून हवाय, तळाशी तिच्या गुरूची एक पेटी आहे.

नायब किल्लेदार. शिपाई पुरवतो. किल्लेदारी हवी.

आता भिशीचा खरा प्रश्न विचारा: पहिली कुणाला लागली? इथं माझा सगळा वर्षाचा मसाला सापडला. नायबाला आधी लागली तर तो किल्लेदार होणार, आणि किल्लेदार झालेला माणूस बाकीच्या चौघांना फासावर द्यायला मोकळा. म्हणून चौघांनाही त्याचा नंबर शेवटी हवा. पण त्याच्या शिपायांशिवाय कुणाचंच काम होत नाही, म्हणून त्याला रोज "पुढचा नंबर तुझाच" म्हणून झुलवत ठेवायचं. दप्तरदारणीचं काम सगळ्यात सोपं, एक नाव खोडायचं, म्हणून तिला पहिली लागली. भावाचं नाव गेलं. आता तिला भिशी सोडायची आहे, पण हप्ते बाकी आहेत. कोरे कागद उशिरा येऊ लागले. सावकाराचा मुनीम दोनदा तिच्या दारात उभा राहिलेला गल्लीनं पाहिला. खेळाडूंना कटाचा पहिला वास आला तो इथून, आणि मला त्यासाठी एकही संवाद पाठ करावा लागला नाही. म्हाताऱ्या बाईच्या दारात सावकाराचा माणूस दिसला की बेळगावचा माणूस थांबून विचारणारच, काय भानगड म्हणून.

किती जण घ्यावेत? पाच पुरे. बारभाई करू नका. नारायणरावांच्या खुनानंतर १७७४ मध्ये राघोबादादांविरुद्ध कारभाऱ्यांनी केलेली ती जूट आपण शाळेत वाचतो, पण चार वर्षांत त्यांच्यातलेच मोरोबा नाना फडणीसांवर उलटले हे पान कुणी लक्षात ठेवत नाही. खेळात तेवढी नावं ठेवायला गेलात तर उलटण्याआधी खेळाडू विसरतील कोण कोण ते.

आता त्या कारकुनाकडं परत. कटातला माणूस पकडला गेल्यावर किती सांगू शकतो, हा प्रश्न मला खेळाच्या पुस्तकांनी सोडवून दिला नाही. सोडवला महमूद गावाननं.

आपल्या किल्ल्याच्या इतिहासात हे नाव येतंच. बहमनी सुलतानाचा वजीर, १४७२-७३ च्या सुमारास त्यानं बेळगावचा किल्ला घेतला. त्यानं मोठमोठ्या सुभेदारांचे सुभे तोडले, चाराचे आठ केले, आणि दरबारातले दख्खनी सरदार त्याच्यावर खार खाऊन बसले. पुढची हकीकत फारशी तवारिखांत येते ती अशी. वजिराचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराशी त्यांनी दोस्ती केली, त्याला दारू पाजली, आणि एका दोस्ताचं काम आहे म्हणून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला. मग त्या कोऱ्या जागेत ओरिसाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र बसवलं. सुलतानानं शिक्का बघितला. एप्रिल १४८१ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या वजिराचं डोकं उडवलं.

आता विचार करा, त्या शिक्केवाल्याला 'झोन ऑफ ट्रुथ'मध्ये उभा केला असता तर? तो खरंच बोलला असता: "दोस्ताचा कागद होता, मी शिक्का मारला." पत्र? त्याला माहीतच नाही. ओरिसा? कधी ऐकलं नाही. त्याच्या सगळ्या खरेपणातून सूत्रधारापर्यंत जाणारी एकच वाट उरते: दारू कुणी पाजली?

हाच इलाज. कटातल्या प्रत्येकाला दोनच गोष्टी माहीत असू द्या, स्वतः काय भरलं आणि कुणाच्या हातात दिलं. स्पेलचा मजकूर नीट वाचा, तो तुमच्या बाजूचा आहे. 'झोन ऑफ ट्रुथ' दुसऱ्या लेव्हलचा, पंधरा फूट त्रिज्येचा घेर, दहा मिनिटं. त्यातल्या माणसाला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, एवढंच. गप्प बसता येतं, वळसे घालता येतात, आणि जे त्याला खरं वाटतंय ते खोटं असलं तरी बिनदिक्कत सांगता येतं. आमच्या नाक्यावरच्या नव्या कारकुनानं छातीवर हात ठेवून सांगितलं, गाड्यांत मीठ असतं. त्याला तसंच सांगितलं होतं. क्लेरिकचा स्पेल बरोबर, कारकून खरा, माहिती खोटी, आणि टेबलावर कुणीच चिडलं नाही. उलट पुढचा एक तास "याला हे सांगितलं कुणी" यावर वाद.

प्रेताला बोलतं करणाऱ्या 'स्पीक विथ डेड'चंही तसंच. पाच प्रश्न, प्रेताला जिवंतपणी होतं तेवढंच ज्ञान, उत्तरं तुटक, आणि शत्रू असेल तर खरं बोलायची सक्ती नाही. एकदा वापरला की त्याच प्रेतावर दहा दिवस परत चालत नाही. शिवाय प्रेताला तोंड लागतं. जादूच्या जगात वाढलेल्या खुन्याला हे माहीत नसेल का? आमच्या खंदकात एक प्रेत सापडलं, खालचा जबडा नव्हता. रेंजर लगेच म्हणाला, हे चोराचं काम नाही, क्लेरिकला घाबरणाऱ्याचं आहे. म्हणजे माहिती लपवताना नवी माहिती बाहेर आली, आणि हे व्हायलाच हवं. नुसतं दार बंद करणारा इलाज वाईट, एक दार लावून दुसरं किलकिलं करणारा बरा. मनातलं वाचणाऱ्या 'डिटेक्ट थॉट्स'बद्दल फार लिहीत नाही. वरवरच्या विचारात माणूस कटाचा विचार करत नाही, लेकीच्या लग्नात किती पानं उठतील याचा करतो. खोल शिरायला गेलं तर त्याला कळतं.

हे झालं फुटणाऱ्या कटाचं. आता दुसरी तक्रार, कट कुणाला दिसतच नाही.

इथं मी सपशेल तोंडावर आपटलो आहे. दुसऱ्या कॅम्पेनमध्ये मी हौसेनं एक पत्र मोडीत लिहिलं. आपल्याकडं जुन्या घरात ट्रंकेत मोडी कागद असतात, वाटलं कुणीतरी उत्साहानं आजोबांच्या ओळखीचा माणूस शोधेल, वाचून घेईल. खेळाडूंनी "भारी दिसतंय" म्हणून फाइलला लावलं आणि विसरले. सगळा कट त्या एका कागदात होता. दोन महिने ते भलत्याच गुहेत गॉब्लिन मारत बसले. एका निष्कर्षासाठी निदान तीन धागे ठेवावेत हा डीएम लोकांत फिरणारा जुना नियम आहे, तो मी तेव्हा ऐकून सोडून दिला होता. एक धागा खेळाडू बघत नाहीत, दुसऱ्याचा उलटा अर्थ लावतात, तिसरा कामाला येतो.

आणि 'ध चा मा' तर अजिबात वापरू नका. मी वापरला. पत्रातलं एक अक्षर बदललेलं, मोठ्या खुशीत टेबलावर ठेवलं. पाच मिनिटं नाही लागली. "आनंदीबाई केलीय यानं," म्हणून सगळे हसत सुटले. मराठी टेबलावर तो धागा जन्मतःच शिळा आहे.

चौथ्या कॅम्पेनला पत्र साध्या देवनागरीत लिहिलं, वाचायला कुणाला त्रास नको. मजकूर मुद्दाम कंटाळवाणा: अमुक गाड्या सोडाव्यात, अमुक पावती द्यावी, खाली किल्लेदाराचा शिक्का. धागा मजकुरात नव्हताच. चहाच्या पाण्यात बुडवून कागद गॅलरीत वाळवला, शिक्क्यासाठी बटाटा कोरला, लाल पॅडवर दाबला आणि आधी शिक्का उठवला. तो वाळल्यावर त्यावरून टाकानं मजकूर उतरवला, शेवटच्या ओळीतल्या 'जाणिजे'ची शाई शिक्क्याच्या कडेवरून गेली. इतकंच.

कागद टेबलावर फिरला. मामेभावानं वास घेतला. "चहा," म्हणाला, आणि पुढं दिला. रेंजर खेळणाऱ्याचे वडील कोर्टाच्या आवारात बाँड लिहितात, हा लहानपणापासून त्यांच्या टेबलाशेजारी बसून डबा खाल्लेला. त्यानं कागद ट्यूबलाइटकडं तिरका धरला. अंगठ्यानं शिक्क्याची कड चाचपली. मग परत तिरका धरला.

"शिक्का खाली आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मजकूर लिहून मग शिक्का मारतात की. शिक्का शाईच्या वर पाहिजे. हे उलटं आहे. कोऱ्यावर शिक्का घेऊन मग वर लिहिलंय." कागद खाली ठेवून म्हणाला, "माझा बाप असलं कधी करत नाही, पण करणारे बघितलेत."

त्या एका वाक्यात किल्लेदार निर्दोष ठरला आणि दप्तरदारीण उघडी पडली. मी चूपचाप भडंग खात होतो. पण खरं सांगायचं तर तो पोरगा त्या रविवारी आला नसता तरी काम अडलं नसतं. मुनीम दारात दिसलेला होताच, आणि दप्तरातून भावाचं नाव खोडलेलं पान त्यांना आठवड्यानं मिळणारच होतं. तीन धागे ते हे.

तिसरी तक्रार, सगळे खलनायक सारखेच. यावर मी आवाज बदलायचा नाद सोडलाय. माझे पाचही आवाज शेवटी गणपती मंडळातल्या निवेदकासारखे येतात. त्याऐवजी प्रत्येकाचा व्यवहार वेगळा करा. आपल्या बाजारात उभं राहिलं की हे दिसतं. एकच दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, हमालाशी कानडीत, गोव्याच्या गाडीवाल्याशी कोकणीत, आणि पैसे मात्र ओठातल्या ओठात स्वतःच्या घरच्या भाषेत मोजतो. माणूस भाषा बदलतो, मोजणी बदलत नाही. वेळूकोटातही मी प्रत्येकाला मोजायची भाषा ठरवून दिली. नाकेदार बौन्यांच्या भाषेत मोजतो कारण बालपण खाणीत गेलं. नायब मोजतच नाही, त्याचा हवालदार मोजतो. खेळाडूंनी दाराआडून आकडे ऐकले आणि आत कोण आहे ते ओळखलं.

कटवाल्यांची सांकेतिक बोलीही बाजारातूनच घेतली. २०१४ च्या नियमांत चोरांची एक बोली आहे, तिच्यात निरोप द्यायला साध्या बोलण्याच्या चौपट वेळ लागतो. मला ती टेबलावर कधी जमली नाही, नुसतं "मी चोरांच्या बोलीत सांगतो" एवढंच होतं. मग जनावरांच्या बाजारातला जुना रिवाज आठवला, रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. दोघांत काय ठरलं ते शेजाऱ्याला कळत नाही. वेळूकोटात सगळा घाऊक सौदा रुमालाखाली. रुमाल नाकारणं म्हणजे सौदा नाकारणं.

आणि इथं तो एकुलता एक राक्षस. सावकारच तो. या खेळातल्या राक्षसाचे तळहात उलटे असतात, तळव्याच्या जागी हाताची पाठ. वेषांतराच्या जादूनं तो हवा तेव्हा माणूस दिसतो, पण ती जादू डोळ्यांपुरती, स्पर्शाला टिकत नाही. म्हणून आमचा सावकार कुणाच्या हातातून विडा घेत नसे, तबकात ठेवायला लावी. हात कायम उपरण्यात. बाजारात सौद्याला नेहमी मुनीम. हे सगळं मी चार सेशन सांगत होतो आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं, श्रीमंत माणूस, असेल सोवळं.

मग खेळाडूंनी भलत्याच कारणानं मुनिमाला कोठडीत घातलं. त्याच आठवड्यात बार्डला, म्हणजे त्यांच्यातल्या शाहिराला, मिठाचा सौदा करायचा होता. मुनीम नाही. बाजार भरलेला, सगळे बघतायत, रुमाल नाकारता येत नाही. मी स्वयंपाकघरातून पंचा आणला, टेबलावर हात ठेवून वर पांघरला आणि खाली मनगट वळवून ठेवलं. बार्ड खेळणारी मुलगी नर्सिंगला आहे. तिनं पंचाखाली हात घातला, भाव सांगायला माझी बोटं शोधली. थांबली. परत चाचपलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तुझा हात उलटा आहे."

मी म्हटलं, "तुझ्या कॅरेक्टरला काय वाटलं ते सांग."

माडीवर कुणीच बोलेना. मग मामेभाऊ: "आपल्याकडं पाय उलटे असतात की हडळीचे. ह्याचे हात कुठनं आले?" आणि पुढची दहा मिनिटं सगळे मागचे चार सेशन उकरत होते, विडा, तबक, उपरणं, मुनीम.

खलनायक खेळाडूंची वाट बघत बसले तर कट मरतो, म्हणून एक घड्याळ ठेवा. कागदावर गोल, सहा फोडी, खेळाडूंनी वेळ घालवला की एक फोड रंगवायची. माझं घड्याळ पावसाचं आहे. आषाढात घाट बंद होतो, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस बघितलेल्या टेबलाला हे समजावून सांगावं लागत नाही. घाट बंद व्हायच्या आत नायबाचा नंबर लागायला हवा, नाहीतर तो फुटणार.

आणि खलनायक मेला तर मरू द्या. भिशीत मेंबर गेला तर भिशी बंद पडत नाही, त्याच्या घरचं कुणीतरी हप्ता घेऊन येतं. गावानचा काटा काढणाऱ्यांतला म्होरक्या मलिक हसन, त्याला वजिरी मिळाली आणि काही वर्षांत त्याचाही खून झाला. मुलानं मात्र अहमदनगरला निजामशाही उभी केली. प्रत्येक खलनायकापुढं वहीत वारसाचं नाव लिहून ठेवा. आमच्या नाकेदाराची लेक बापापेक्षा हुशार निघाली आहे. राक्षसाचा वारस तर तो स्वतःच: इथं मेला तरी नरकात जाऊन काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत उभा राहतो, आणि आपल्याला कुणी मारलं ते विसरत नाही. वहीत त्याच्यापुढं मी बार्डचं नाव लिहून ठेवलंय.

कट आता तेविसाव्या सेशनला आहे. एक नवीच अडचण मात्र उभी राहिली आहे आणि तिच्यावर इलाज मला अजून सापडलेला नाही. सावकार मेला, त्याची जागा रिकामी झाली. परवाच्या रविवारी खेळाडूंनी नाकेदाराला गाठलं. मला वाटलं पकडणार. पॅलाडिन पुढं झाला, एक थैली त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "सावकाराचे हप्ते आम्ही भरतो. आमचा नंबर कितवा?"

नाकेदारानं थैली उचलली. मोजली, बौन्यांच्या भाषेत.